न बसता खुर्ची घ्यायची, तीही लेदरची

शोरूममध्ये खुर्चीवर दोन मिनिटं टेकलं, मागे रेललं, एक गिरकी घेतली की आपली खात्री पटते. खरं तर त्या दोन मिनिटांत फार थोडं कळतं. नवा फोम हलका असो की चांगला, पहिल्या दिवशी मऊच लागतो. नवं पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) आणि नवं चामडं दुकानाच्या दिव्याखाली सारखंच चमकतं. खुर्चीचे खरे रंग दिसतात ते आठ-दहा महिन्यांनी, मांडीखालचा फोम दबल्यावर. किंवा दुसऱ्या पावसाळ्यात, डोक्यामागचे काळे पापुद्रे कॉलरला चिकटायला लागल्यावर. त्यामुळे न बसता, ऑनलाइन खुर्ची मागवणं वाटतं तितकं धाडसाचं नाही. विक्रेत्याकडून नेमके आकडे आणि चामड्याचा तुकडा मिळवला, तर शोरूममध्ये बसून आलेल्या माणसापेक्षा तुम्हाला त्या खुर्चीची जास्त माहिती असते. फक्त काय मागायचं ते ठाऊक हवं.

आधी टेप काढा

लेदर म्हटलं की सगळे थेट चामड्याची चौकशी सुरू करतात. मी म्हणेन, आधी स्वतःचं माप घ्या. चामडं कितीही भारी असलं आणि बैठक तुमच्या मांडीपेक्षा लांब असली, तर ती खुर्ची तुमच्या कामाची नाही.

माप घ्यायला दहा मिनिटं लागतात. एखाद्या कडक स्टुलावर अनवाणी बसा. तळवे जमिनीवर सपाट आणि मांड्या जमिनीला समांतर हव्यात. स्टूल बुटकं पडलं तर वर एक-दोन जाड पुस्तकं ठेवा. आता घरातल्या कुणाला तरी गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप धरायला सांगा. हा झाला पहिला आकडा. मग स्टूल भिंतीला लावून पाठ भिंतीला टेकवा आणि भिंतीपासून त्याच खळगीपर्यंतचं अंतर घ्या. तिसरं माप कोपराचं: हात काटकोनात वाकवून, बसल्या जागेपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत.

पहिल्या आकड्यावरून बैठकीची उंची ठरते. दुसऱ्यातून तीन बोटं, म्हणजे साधारण 5 सेंमी वजा केले की बैठकीची खोली मिळते. तिसरा आकडा खुर्चीच्या हातांसाठी. अनवाणी अशासाठी, की बऱ्याच खुर्च्यांची मापं बूट घालून बसणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून काढलेली असतात. आपण घरात चपलाही काढून बसतो. दोन-अडीच सेंमी तिथेच जातात.

आता पाच फूट दोन इंच उंचीची एक बाई धरा. तिच्या गुडघ्यामागची उंची समजा 40 सेंमी भरली आणि भिंतीपासून खळगीपर्यंतचं अंतर 45. म्हणजे तिला बैठक हवी 40 सेंमी उंच आणि 40 सेंमी खोल. उलट ‘बॉस चेअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या भल्यामोठ्या हाय-बॅक लेदर खुर्च्या बघा: सगळ्यात खाली आणली तरी बैठक 46-47 सेंमीवर आणि खोली 50 च्या पुढे, असं सर्रास दिसतं. ती बाई त्या खुर्चीत बसली की पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, म्हणून ती पुढे सरकते आणि पाठ मोकळी पडते. कंबर दुखायला लागली की दोष वयाला दिला जातो. उंचीवर उपाय आहे, पायाखाली पाट घेता येतो. जास्त खोलीवर मात्र पाठीमागे उशी ठेवण्यापलीकडे इलाज नाही, आणि एवढे पैसे मोजून आणलेल्या खुर्चीत उशी ठेवायची म्हणजे विषयच संपला. काही खुर्च्यांची बैठक मागेपुढे सरकते. घरात वेगवेगळ्या उंचीची माणसं एकच खुर्ची वापरणार असतील, तर लेदरच्या प्रतीपेक्षा या एका सोयीसाठी मी जास्त पैसे मोजेन.

बैठकीची उंची जाहिरातीत दिलेली असते ती कुणी न बसलेल्या खुर्चीची. गुबगुबीत गादी माणसाच्या वजनाने दोन-चार सेंमी सहज दबते, तेवढी सूट धरा. आणि टेबलही मोजा. आपल्याकडे टेबल साधारण 75 सेंमी उंच असतं, पण फळीखालच्या पट्टीला किंवा ड्रॉवरला अडकून खुर्चीचे हात आत जात नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे.

आणखी एक युक्ती, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. तुम्हाला सोसणारी एखादी खुर्ची कुठेतरी असतेच: ऑफिसातली, मित्राकडची, दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधली. ती मोजा. बैठकीची उंची, खोली, रुंदी, पाठीची उंची. हे चार आकडे फोनमध्ये असले की कुठल्याही वेबसाइटवरच्या खुर्चीत तुम्ही अर्धे बसून झालेले असता.

नावाजलेल्या खुर्चीलाही हा नियम चुकत नाही. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याची 1956 सालची लाउंज चेअर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लेदर खुर्च्यांपैकी एक. याच दोघांनी 1958 साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यांच्या त्या खुर्चीचीही उंची कमीजास्त होत नाही, आणि आज मूळ उत्पादक ती दोन आकारांत विकतो, नेहमीचा आणि उंच माणसांसाठीचा. ‘इम्स स्टाईल’ म्हणून मिळणाऱ्या नकलांमध्ये तर मापं प्रत्येकाची वेगळी. फोटो तोच, बैठक भलतीच.

चामड्याचे थर

जनावराचं कातडं खुर्चीच्या मानाने बरंच जाड असतं. खुर्चीला लागतं साधारण एक ते दीड मिलिमीटरचं चामडं, म्हणून यंत्रावर त्याचे थर सोडवतात. वरचा थर, जिथे केसांची छिद्रं असतात, तो सगळ्यात चिवट, कारण तिथले तंतू एकमेकांत घट्ट विणलेले असतात. हा थर न घासता जसाच्या तसा ठेवला की फुल ग्रेन. त्यावरचे ओरखडे, गोचिडांच्या खुणा घासून काढल्या, वर रंगाचा थर देऊन यंत्राने ठसा उमटवला की करेक्टेड ग्रेन. व्यवहारात टॉप ग्रेन म्हणून जे मिळतं ते बहुधा हेच. खालचा थर म्हणजे स्प्लिट. तो मऊ पण कमकुवत, वर प्लॅस्टिकचा लेप देऊन तोही ‘लेदर’ म्हणून विकला जातो.

त्याच्या खालची पायरी बाँडेड लेदर. चामड्याच्या कातरणाचा भुगा करून, डिंकात कालवून कापडावर थापायचा आणि वर पीयूचा थर द्यायचा. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाला सागवान म्हणण्यातला हा प्रकार. चामड्याचा अंश त्यात असतो, पण चामड्याची ताकद तंतूंच्या विणीत असते आणि ती वीणच इथे मोडलेली असते. नावात ‘बाँडेड’, ‘रिकन्स्टिट्यूटेड’ किंवा ‘ब्लेंडेड’ दिसलं तर मी पुढचं वाचत नाही. त्यापेक्षा सरळ चांगलं कापड किंवा जाळीची खुर्ची घ्यावी.

मग पीयू आणि पीव्हीसी. आपण ज्याला पूर्वापार रेक्झिन म्हणतो ते कापडावरचं पीव्हीसी. पाण्याला दाद देत नाही, पण घामही जाऊ देत नाही. पीयू हाताला जास्त चामड्यासारखं लागतं. मात्र साध्या प्रतीच्या पीयूची हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त तितकी ही क्रिया वेगात. मुंबई, कोकण, गोवा इथे पीयूची खुर्ची दोन-तीन वर्षांत सोलवटायला लागते ती यामुळे, आणि अशी खुर्ची न वापरता झाकून ठेवली तरी ती सोलवटते. कोरड्या हवेत तीच थोडी जास्त टिकते. ‘व्हीगन लेदर’ हे नाव बहुतेक वेळा याच दोघांचं नवं बारसं असतं. पीयू घेण्यात कमीपणा काही नाही. पीयूच्या किमतीला, ते किती वर्षं चालेल याचा हिशेब करून घेतलं म्हणजे झालं.

वरचा लेप हा वेगळा मुद्दा आणि तो दुकानदार सांगत नाहीत. अॅनिलिन चामड्यावर लेप जवळजवळ नसतो. स्पर्श अप्रतिम, हवा खेळती, पण पाणी, चहा, तेल सगळं पितं. पिगमेंटेड चामड्यावर रंगाचा थर असतो. स्पर्श थोडा कोरडा, पण पुसलं की डाग जातो. सेमी-अॅनिलिन या दोघांच्या मधलं. डोक्याला तेल लावायची पद्धत असलेल्या घरात अॅनिलिनची उंच पाठीची खुर्ची आणू नये. डोकं टेकतं तिथे महिन्याभरात काळपट गोल पडतो आणि तो निघत नाही. पिगमेंटेड चामड्याचा लेपही तेल आणि घामाने हळूहळू खराब होतो, म्हणून डोक्याची आणि हातांची जागा अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावी लागते, पण तिथे निदान पुसता तरी येतं. पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवायची असेल तरी पिगमेंटेडच बरं; अॅनिलिनचा रंग उन्हाने उडतो.

जाता जाता: ‘व्हेज टॅन’ (झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं) वाचून हुरळून जाऊ नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं चामडं आपल्या अभिमानाचं आहेच, पण ते कडक. खुर्चीला, सोफ्याला मऊ, लवचीक चामडं लागतं आणि ते बहुतेक सगळं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यात फसवणूक काही नाही.

जाहिरातीतली ओळ कशी वाचायची

‘जेन्युइन लेदर’ एवढंच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कुठेतरी चामडं आहे, इतकाच. कुठला थर, किती जागेवर, हे त्यातून कळत नाही. ‘लेदर फिनिश’, ‘लेदर लुक’, ‘प्रीमियम लेदरेट’ यांत चामडं नाही. ‘इटालियन लेदर’ म्हणजे चामडं इटलीत कमावलं, की डिझाइन इटालियन, की नुसताच रंग? विचारावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक गंडतात ते ‘लेदर मॅच’मध्ये. अंग जिथे लागतं तिथे चामडं आणि बाजू, पाठीमागचा भाग, खालचा भाग त्याच रंगाच्या पीयूचा. यात लपवाछपवी असतेच असं नाही. आयकिया आपल्या काही सोफ्यांवर आणि आरामखुर्च्यांवर ‘ग्रान/बोमस्टाड’ असं लिहितं, त्यातलं ग्रान हे चामडं आणि बोमस्टाड हे लेप दिलेलं कापड. कुठे काय ते खाली दिलेलं असतं. एवढं स्पष्ट लिहिलेलं असलं तर हा सौदा वाईट नाही, खर्च वाचतो. अडचण एकच: बाजूचं पीयू आधी सोलवटतं आणि मधलं चामडं तसंच राहतं, मग खुर्ची निम्मी नवी आणि निम्मी भंगार दिसते.

म्हणून विक्रेत्याला चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, फोनवर नको: बैठक, पाठ, हात, मागची बाजू, प्रत्येक ठिकाणी नेमकं काय आहे? चामड्याचा थर कुठला, जाडी किती, लेप कुठला? चांगला विक्रेता दिवसभरात उत्तर देतो. ‘सर, एकदम ओरिजिनल आहे, शंभर टक्के’ हे उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

तुकडा मागवा

बऱ्याच फर्निचरवाल्यांकडे चामड्याचे नमुने असतात. मागितले की पाठवतात, कधी थोडे पैसे घेतात. हाताएवढा तुकडा पुरतो. त्याची वरची बाजू बघण्याआधी कड बघा. खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेला बारीक तंतू दिसतात आणि मागची बाजू लवदार, सुएडसारखी असते. पीयूच्या तुकड्याला कडेवर दोन पापुद्रे दिसतात, वर प्लॅस्टिक आणि खाली विणलेलं किंवा दाबलेलं कापड. बाँडेडची मागची बाजू कधीकधी मुद्दाम लवदार केलेली असते, पण कडेवर नखाने उकरलं तर भुगा निघतो.

मग तुकडा उन्हात, तिरका धरून पाहा. छिद्रं आणि रेषा वेड्यावाकड्या, कुठे दाट कुठे विरळ असतील तर तो नैसर्गिक ग्रेन. एकच नक्षी दर काही सेंटिमीटरला पुन्हा येत असेल तर तो यंत्राचा ठसा. ठसा करेक्टेड ग्रेनवरही असतो, त्यामुळे एवढ्यावरून नकली ठरवू नका. कड काय सांगते ते आधी. बोटाने दाबलं की चामड्यावर दाबाभोवती बारीक सुरकुत्या पसरतात. तुकडा दुमडून घडीवर रंग फाकतो का बघा. शेवटी पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटाभरात मुरून डाग गडद झाला तर अॅनिलिन, मोत्यासारखा उभा राहिला तर लेप आहे. तुकड्याच्या कोपऱ्याचा एखादा तंतू जाळून बघणारेही आहेत: चामड्याला जळक्या केसांचा वास येतो, पीयूला प्लॅस्टिकचा. खिडकी उघडी ठेवा, आणि मुलांसमोर नको.

तुकडा पावसाळ्यात आठवडाभर कपाटात ठेवलात तर बुरशीबद्दलही थोडी कल्पना येते.

आतलं न दिसणारं

फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. ‘40 डेन्सिटी’ म्हणजे घनमीटरला 40 किलो. बैठकीला 32 च्या खालचा फोम असेल तर सोडून द्या. 40 आणि त्यावरचा चांगला, साच्यात ओतलेला असेल तर अजून बरा. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड फोम मऊही असू शकतो, फक्त तो लवकर दबत नाही. चामड्याच्या खुर्चीत याला जास्तच महत्त्व आहे, कारण खालचा फोम बसला की वर ताणलेलं चामडं सैल पडून त्याला झोळ येतो, आणि एकदा सुटलेलं चामडं आपणहून आवळत नाही.

सीट वरखाली करणाऱ्या नळकांड्याला आपल्याकडे सगळे ‘हायड्रोलिक’ म्हणतात, पण आत दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो. त्याच्या मजबुतीची श्रेणी बघा: क्लास 4 लिहिलेलं असेल तर उत्तम, क्लास 3 चालतं, काहीच लिहिलेलं नसेल तर विचारा. मागे रेलायची यंत्रणाही विचारा. स्वस्त खुर्च्यांत बैठक मधोमध कलते, मागे रेललं की पाय वर उचलले जातात. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ जास्त आणि बैठक थोडीच कलते, पाय जमिनीवर राहतात. दिवसभर बसायचं असेल तर हा फरक मोठा आहे. आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर कडक नायलॉनची चाकं खडखडतात आणि घसरतात. पीयूचं मऊ आवरण असलेली चाकं मागा.

‘बिफ्मा’ (अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना) हा शब्द दिसला तर चाचणीचा अहवाल मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव तुमच्याच खुर्चीचं आहे का ते बघा. बैठकीवर 57 किलोचं वजन एक लाख वेळा आदळून बघण्यासारख्या त्या अमेरिकन चाचण्या आहेत. त्या मजबुती सांगतात. आराम आणि चामडं, दोन्हीबद्दल त्या काही बोलत नाहीत.

परत करायची वेळ आली तर

युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न सांगता 14 दिवसांत परत करता येते. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. ‘बसायला बरी वाटत नाही’ म्हणून परत घ्यायची की नाही ते कंपनीचं धोरण ठरवतं, म्हणून ते आधी वाचा: किती दिवस, परत नेण्याचा खर्च कुणाचा, जोडलेली खुर्ची परत घेतात का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जोडल्याशिवाय बसता येत नाही आणि जोडल्यावर परत घेत नाहीत, अशाही अटी असतात.

वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली तर मात्र बाजू तुमची. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला अशी वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. चॅटवर ‘संपूर्ण टॉप ग्रेन’ असं लिहून घेतलेलं असेल आणि पाठ पीयूची निघाली, तर तो स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायची झाली तर 2019 च्या कायद्याने ती तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, परतीची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका, आणि खुर्ची आली की पहिल्यांदा उलटी करा. खालचं काळं कापड, स्टेपल, चामड्याची आत वळवलेली कड हे सगळं तिथेच दिसतं.

एक पर्याय लोक विचारातच घेत नाहीत: वापरलेली खुर्ची. कंपन्या ऑफिस हलवतात, बंद करतात, तेव्हा चांगल्या बनावटीच्या लेदर खुर्च्या मूळ किमतीच्या कितीतरी कमी पैशांत बाजारात येतात. न बसता घ्यायला तर या जास्त सोयीच्या, कारण पाच-सहा वर्षांची खुर्ची काही लपवू शकत नाही. पीयू असतं तर एव्हाना सोललं असतं, हलका फोम असता तर खड्डा पडला असता. विक्रेत्याकडून बैठकीची पुढची कड, हातांची टोकं आणि डोक्याची जागा यांचे उन्हातले फोटो मागवा. सुरकुत्या आणि उजळलेला रंग चालेल, भेगा नकोत. नळकांडं आणि चाकं बदलायला फारसा खर्च नाही. बहुतेक चाकांची दांडी 11 मिलिमीटरची असते, आयकियाची 10 ची, तेवढं मागवताना बघा. आणि शिलाई उसवली असेल तर गल्लीतला सोफावाला ती अर्ध्या दिवसात घालून देतो.